स्थानकाच्या पाटीवर तीर्थंकरांचे नाव

मुंबईच्या हार्बर मार्गावर वडाळा आणि माहीम यांच्या मध्ये किंग्ज सर्कल हे लहानसे स्थानक आहे. जवळ षण्मुखानंद सभागृह, पलीकडे गांधी मार्केट, खालच्या रस्त्यावर उंच मालमोटारींना अडवणारा रेल्वेपूल आणि पावसाळ्यात हमखास तुंबणारे पाणी, एवढीच त्याची ओळख. या स्थानकाला ‘तीर्थंकर पार्श्वनाथ’ असे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात विधिमंडळात तसा ठरावही संमत झाला. तेविसाव्या तीर्थंकरांचे नाव मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या पाटीवर यावे, ही गोष्ट जैन समाजाला आनंद देणारी आहे यात शंका नाही. परंतु स्थानकाचे नाव ही केवळ आदराची खूण नसते. रोज लक्षावधी माणसे ते नाव उच्चारतात, विचारतात, तिकिटावर वाचतात आणि त्याच्या भरवशावर गाडीतून उतरतात. म्हणून या नावाकडे श्रावकाच्या दृष्टीने आणि प्रवाशाच्या दृष्टीने, अशा दोन्ही बाजूंनी पाहणे आवश्यक आहे.

ठरावात आणखीही नावे होती. करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, चर्नी रोडचे गिरगाव, कॉटन ग्रीनचे काळाचौकी, डॉकयार्ड रोडचे माझगाव आणि मरीन लाइन्सचे मुंबादेवी. ही यादी नीट पाहिली की एक भेद ध्यानात येतो. लालबाग, डोंगरी, गिरगाव, काळाचौकी, माझगाव ही त्या त्या वस्तीचीच नावे आहेत. लालबागच्या राजाच्या दर्शनाला येणारा परगावचा भाविक ‘लालबागला कुठे उतरायचे?’ असे विचारतो, तेव्हा त्याला करी रोड किंवा चिंचपोकळी असे उत्तर मिळते आणि तो बुचकळ्यात पडतो. तिथे पाटीवर लालबाग लिहिले तर गोंधळ वाढण्याऐवजी कमीच होईल. मुंबादेवी ही नगराची ग्रामदेवता, तिचे मंदिर स्थानकापासून काही अंतरावर असले तरी त्याच परिसरातले. या सगळ्यांत किंग्ज सर्कलचे प्रस्तावित नाव तेवढे निराळे आहे. ते वस्तीचे नाव नाही, वंदनेचे आहे. आणि वंदनेच्या नावांचे रेल्वेच्या व्यवहारात काय होते, याचा मुंबईला दीर्घ अनुभव आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली ती बोरीबंदरहून. पुढे त्याच जागी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार भव्य वास्तू उभी राहिली आणि राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ साली तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा आदरार्थी शब्द आला. महाराजांचे नाव या वास्तूला असावे, याविषयी महाराष्ट्रात दुमत नाही. पण लोकांच्या तोंडी काय आले? आजोबांच्या पिढीने बोरीबंदर म्हटले, मधल्या पिढीने व्हीटी, त्यानंतरच्यांनी सीएसटी आणि आताची मुले सीएसएमटी म्हणतात. एकाच घरातली तीन माणसे एकाच ठिकाणाला तीन नावांनी ओळखतात. ज्या महापुरुषाचा गौरव व्हावा म्हणून नाव दिले, त्याचे नाव बोलण्यातून बाजूला पडून मागे उरली ती इंग्रजी आद्याक्षरे.

त्यात आणखी एक गुंतागुंत अशी की शहराचा आंतरराष्ट्रीय विमानतळ महाराजांच्याच नावाने आहे आणि पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम हे वस्तुसंग्रहालयही. तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून भिन्न, त्यांतले विमानतळ तर अंधेरीच्या बाजूला. मुंबईचा रहिवासी संदर्भाने ओळखतो. नवख्याला मात्र पूर्ण नाव सांगूनही पुढे ‘रेल्वेचे की विमानाचे?’ असा प्रश्न येतोच. लोकमान्य टिळकांच्या बाबतीतही तसेच. बाहेरगावच्या गाड्यांचे कुर्ला टर्मिनस आता लोकमान्य टिळक टर्मिनस आहे, बोलण्यात मात्र ‘एलटीटी’. शीवचे महापालिका रुग्णालय लोकमान्यांच्या नावाचे, पण रुग्णाला घेऊन धावणारा कोणीही ‘सायन हॉस्पिटल’ असेच सांगतो. घाईच्या आणि संकटाच्या वेळी माणूस जिभेवर रुळलेलेच नाव घेतो. शिवाय रेल्वेच्या मराठी पाटीवर ‘शीव’ आणि इंग्रजी पाटीवर ‘सायन’. ही दोन नावे एकाच स्थानकाची आहेत, हे परप्रांतातून आलेल्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत जवळचे उदाहरण तर किंग्ज सर्कलच्या शेजारीच आहे. वडाळ्याहून चुनाभट्टीकडे जाणाऱ्या फाट्यावरचे जुने कोळीवाडा स्थानक आज गुरु तेग बहादूर नगर म्हणून ओळखले जाते. फाळणीनंतर या भागात पंजाबी निर्वासितांची मोठी वसाहत झाली आणि शिखांच्या नवव्या गुरूंचे नाव स्थानकाला मिळाले. गाडीतल्या उद्घोषणेत ते पूर्ण आदराने उच्चारले जाते. डब्यातला प्रवासी मात्र शेजाऱ्याला विचारतो, ‘जीटीबी गेले का?’ यात कोणाचा अनादर करण्याचा हेतू नसतो. गर्दीत, दोन श्वासांच्या मध्ये, लांब नाव आखूड होतेच. ‘तीर्थंकर पार्श्वनाथ’ या आठ-नऊ अक्षरांचे ‘टीपी’ व्हायला किती दिवस लागतील, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

इथे जैन कुटुंबांच्या मनात येणारा प्रश्न आशातनेचा आहे. देव, गुरू आणि धर्म यांची कळत-नकळत होणारी अवहेलना टाळावी, ही शिकवण लहानपणापासून घरात मिळते. जिनप्रतिमा छापलेली पत्रिका रद्दीत टाकताना हात अडखळतो, धर्मग्रंथाचे पान पायाखाली येऊ नये म्हणून जपले जाते. मग फलाटावर चुरगळून पडलेल्या तिकिटावर ‘पार्श्वनाथ’ हे नाव असेल तेव्हा काय? भिंतीवर पानाची पिंक, तिच्यावर नावाची पाटी, हे दृश्य मुंबईत दुर्मिळ नाही. पावसाळ्यात बातमी येईल की पार्श्वनाथ येथे पाणी तुंबले, पार्श्वनाथ येथे खिसेकापू पकडला. उलट बाजूनेही विचार करता येतो आणि तोही खोटा नाही. रोज शेकडो वेळा त्या नावाचा उच्चार होईल, ज्यांनी ते कधी ऐकले नव्हते त्यांच्या कानी पडेल, एखादे मूल आईला ‘पार्श्वनाथ म्हणजे कोण?’ असे विचारील आणि काशीच्या राजकुमाराची, नागाची कथा त्याला ऐकायला मिळेल. (एक गोष्ट मात्र गमतीची: या नावाला ज्यांच्याकडून सर्वाधिक वंदन होते ते साधू-साध्वी वाहनात बसतच नाहीत. त्यांचा विहार पायीच. स्थानकाचा उपयोग होईल तो श्रावकांना आणि इतरांना.)

जैन शास्त्रकारांनी नावाचा विचार फार बारकाईने केला आहे. कोणत्याही वस्तूचा निर्देश चार प्रकारे होतो असे निक्षेपाच्या विवेचनात सांगितले आहे: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. गरीब घरातल्या मुलाचे नाव इंद्र ठेवले तर तो केवळ नामाने इंद्र. त्याच्या अंगी इंद्राचे ऐश्वर्य आहे असे कोणी समजत नाही. ते नाव व्यवहाराच्या सोयीपुरते. या दृष्टीने स्थानकाचे नाव हा शुद्ध नामनिक्षेप ठरतो. ते मंदिर होत नाही, प्रतिमा होत नाही. ही जाण असेल तर दोन्ही टोके टळतात: नाव मिळाले म्हणून फार मोठे धर्मकार्य झाले असे वाटणार नाही आणि कोणी ‘टीपी’ म्हटले म्हणून संताप येणार नाही. पण नामनिक्षेप व्यवहाराच्या सोयीसाठी असेल, तर त्या नावाने व्यवहार खरोखर सोयीचा होतो की नाही, हे तपासण्याची जबाबदारीही मागोमाग येते.

व्यवहारात नाव बदलणे हे पाटी रंगवण्याइतके सोपे काम नाही. स्थानकाचे नाव रेल्वे स्वतःहून बदलत नाही. राज्य सरकार प्रस्ताव पाठवते, केंद्रीय गृहमंत्रालय रेल्वे, टपाल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मत घेते, हरकत नसल्याचे कळवते, त्यानंतर राज्याची अधिसूचना निघते. मग रेल्वेचे काम सुरू होते. मराठी, हिंदी, इंग्रजी पाट्या, फलाटावरचे दर्शक, ध्वनिमुद्रित उद्घोषणा, डब्यातले नकाशे, तिकीटयंत्रे, भ्रमणध्वनीवरची तिकीटप्रणाली, मासिक पास. शिवाय प्रत्येक स्थानकाला काही रोमन अक्षरांचा संकेत असतो. मुगलसरायचे नाव २०१८ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय झाले तेव्हा ‘एमजीएस’चे ‘डीडीयू’ झाले. मुंबई सेंट्रलचा ‘बीसीटी’ जाऊन ‘एमएमसीटी’ आला. पिढ्यानपिढ्या आरक्षणाच्या अर्जावर भरलेली अक्षरे एका दिवसात निरुपयोगी होतात. तरुणांना दोन दिवसांत सवय होते. एकटी प्रवास करणारी वृद्ध श्राविका, जिने उतरायच्या स्थानकाची आकृती डोळ्यांत साठवून ठेवलेली असते, तिला ती पाटी अचानक परकी वाटते.

एल्फिन्स्टन रोडचे उदाहरण या संदर्भात विसरता येत नाही. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्यावरून ते नाव आले होते. पुष्कळांना मात्र ते आधीचे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वाटत, आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय काळा घोड्याजवळ, कित्येक किलोमीटर दूर. म्हणजे जुने नावही फार सुबोध होते असे नव्हे. प्रभादेवी हे नाव मातीतले, मराठी, उच्चाराला गोड. ते लवकर रुळले याचे हेच कारण असावे. पण नाव बदलाचा ठराव होऊन प्रत्यक्ष बदल जुलै २०१८ मध्ये होईपर्यंतच्या काळात, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, त्याच स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. त्यानंतर लष्कराने तिथे नवा पूल उभारला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. पूल आधी झाला, पाटी नंतर बदलली. हा क्रम बरोबर होता. खंत एवढीच की पूल व्हायला २३ जणांना प्राण गमवावे लागले.

नावांतील साम्य किती महागात पडू शकते, याची आठवण १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकाने करून दिली. कुंभमेळ्याला निघालेल्या प्रवाशांच्या त्या चेंगराचेंगरीत १८ जण मृत्युमुखी पडले. कारणे अनेक होती, गर्दी हे मुख्य. पण ‘प्रयागराज’ या नावाने सुरू होणाऱ्या दोन गाड्यांच्या उद्घोषणांमुळे प्रवासी गोंधळले, असेही दिल्ली पोलिसांच्या प्राथमिक माहितीत होते. खुद्द त्या शहरात २०२० पासून प्रयागराज जंक्शन, प्रयागराज छिवकी, प्रयागराज रामबाग, प्रयागराज संगम अशी स्थानके आहेत, आणि जुने प्रयाग जंक्शन निराळेच. जुने नाव बदलले याचा त्रास काही महिन्यांचा. एकसारखी नावे शेजारी शेजारी आली तर त्याचा त्रास कायमचा.

या दृष्टीने ‘पार्श्वनाथ’ नावाचाही विचार करावा लागेल. झारखंडातल्या पारसनाथ स्थानकावर देशभरातले यात्रेकरू उतरतात आणि तिथून रस्त्याने मधुबनला, पुढे सम्मेदशिखरजीच्या पायथ्याशी जातात. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी, स्वतः पार्श्वनाथांचीही. म्हणजे तीर्थंकरांचे नाव धारण करणारे एक स्थानक रेल्वेच्या नकाशावर पूर्वीपासून आहे, आणि तिथे ते नाव डोंगराच्या, यात्रेच्या नात्याने आपोआप आले आहे. राजस्थानातले श्री महावीरजी स्थानकही तसेच, तीर्थक्षेत्रावरून आलेले. किंग्ज सर्कलला बाहेरगावच्या गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे मुंबईचा यात्रेकरू चुकून उपनगरी तिकीट काढील हा धोका मोठा नाही. तरीही दोन्ही ठिकाणच्या नावातला फरक सांभाळण्यासाठी ‘तीर्थंकर’ हा शब्द नावातून गळू न देणे महत्त्वाचे ठरते.

मुंबईत आता मेट्रोनेही या गुंत्यात भर घातली आहे. अंधेरी पूर्वेला पहिल्या मार्गिकेचे ‘पश्चिम द्रुतगती मार्ग’ आणि सातव्या मार्गिकेचे ‘गुंदवली’ ही स्थानके पादचारी मार्गाने जोडलेली, पण नावे दोन. पश्चिमेला तसेच ‘डी. एन. नगर’ आणि ‘अंधेरी पश्चिम’. उलट ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचे ‘गिरगाव’ स्थानक सुरू झाले आहे. उद्या चर्नी रोडही गिरगाव झाले, तर एकाच नावाची दोन स्थानके दोन निराळ्या ठिकाणी असतील. वस्तीचे नाव दिल्याने गोंधळ कमी होतो हे खरे, पण ते नाव दुसऱ्याने आधी घेतलेले नसेल तरच. मुंबई सेंट्रलजवळच्या मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे आणि मुंबई सेंट्रललाही तेच देण्याचा राज्याचा प्रस्ताव आहे. तिथे दोन्ही नावे जुळली तर प्रवाशाचा फायदाच होईल. देशातील पहिल्या रेल्वे कंपन्यांपैकी एकीच्या उभारणीत नानांचा वाटा होता, म्हणून हे नाव औचित्याचेही आहे.

चर्नी रोडविषयी मात्र जैन वाचकाला थोडी हळहळ वाटल्याशिवाय राहणार नाही. चर्नी म्हणजे चरणी, गुरांना चरायची जागा. १८३८ च्या सुमारास सरकारने चराईवर कर बसवला, गरिबांना गुरे पाळणे अवघड झाले आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःच्या पैशाने ठाकुरद्वाराजवळ जमीन घेऊन ती गुरांसाठी मोकळी केली, अशी त्या नावामागची प्रचलित हकिकत आहे. याच जमशेटजींच्या आणि जैन श्रेष्ठींच्या सहकार्याने १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली होती. म्हणजे वसाहतकाळाची खूण म्हणून जे नाव पुसायचे ठरले आहे, त्यात एका पारशी गृहस्थाची जीवदया दडलेली आहे. रस्त्याच्या नावाला इंग्रजी ‘रोड’ चिकटला म्हणून चरणी इंग्रजी होत नाही. गंमत अशी की ग्रँट रोड आणि रे रोड ही खरोखरच गव्हर्नरांची नावे या यादीत नाहीत. मस्जिद स्थानकाचेही तसेच. ते नाव तिथल्या जुन्या ज्यू प्रार्थनामंदिरावरून आले, हे रोज तिथे उतरणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. जुने नाव काढण्यापूर्वी ते कोणाचे होते हे विचारण्याची पद्धत पडली, तर निदान जाणाऱ्या नावाची नोंद तरी राहील.

किंग्ज सर्कलच्या बाबतीत तशी हळहळ वाटण्याचे कारण नाही. राजा पंचम जॉर्जच्या नावाचा तो चौक, आणि त्याच्या मधल्या बागेचे नावही केव्हाच माहेश्वरी उद्यान झाले आहे. तरी माटुंग्याचा रहिवासी टॅक्सीवाल्याला आजही किंग्ज सर्कलच सांगतो. ते नाव पुढेही बराच काळ बोलण्यात राहणार, हे गृहीत धरूनच नव्या नावाची व्यवस्था लावली पाहिजे.

ती व्यवस्था अवघड नाही. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक एकसारखे असल्यामुळे वर्षानुवर्षे प्रवाशांची धावपळ होत असे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या फलाटांना आठपासून पुढचे क्रमांक दिले आणि तो घोळ मिटला. त्याच सुबुद्धीने, नाव बदलल्यावर निदान पहिली दोन वर्षे पाट्यांवर आणि उद्घोषणेत ‘पूर्वीचे किंग्ज सर्कल’ हे शब्द ठेवता येतील. स्थानकाबाहेरच्या बसथांब्यांवर आणि टॅक्सीच्या तळांवरही दोन्ही नावे लागावीत. आखूड रूप होणारच असेल तर ते आद्याक्षरांचे न होता ‘पार्श्वनाथ’ असे व्हावे, यासाठी समाजातील मंडळींनी सुरुवातीपासून तेच म्हणण्याचा परिपाठ ठेवला तर पुष्कळ साधेल. स्वच्छतेसाठी आणि पाणी तुंबू नये म्हणून रेल्वेकडे व महापालिकेकडे पाठपुरावा करण्याचा नैतिक अधिकार, नाव मिळाल्यावर समाजाला अधिकच येईल.

आणि एक बारीक पण निकडीचे काम अधिसूचनेपूर्वीच व्हायला हवे. हे नाव रोमन लिपीत किमान चार प्रकारे लिहिले जाते: शेवटी ‘वनाथ’मध्ये कोणी ‘व्ही’ लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’, कोणी मधला ‘एच’ गाळतो, कोणी सरळ ‘पारसनाथ’ करतो. देवनागरीतही ‘र्श्व’ हे जोडाक्षर चुकीचे छापले जाण्याची शक्यता आहेच. समाजातील अभ्यासकांनी एकत्र बसून एक रूप ठरवून ते राज्य सरकारला लेखी कळवले पाहिजे, कारण एकदा ते रेल्वेच्या संगणकात गेले की तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला नेमकी तीच अक्षरे टंकावी लागतील.